बूट विभाजनाचे सहा गठ्ठे

क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे परवापरवापर्यंतच्या अहमदनगरात, जागेच्या टंचाईचा विषय काढणे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल; तथापि सतरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक पसरलेल्या या जिल्ह्याला विभाजनाचा विषय मुळीच नवा नाही, आणि नव्या जिल्ह्याचे मुख्यालय संगमनेरला असावे, श्रीरामपूरला असावे की शिर्डीला, या प्रश्नापाशी तो अनेक वर्षे रुतून बसलेला आहे. संगणकाच्या डिस्कचे विभाजन मात्र इन्स्टॉलर नावाची आज्ञावली कोणत्याही कृती समितीला न विचारता, कोणाचेही उपोषण न सोडवता, क्षणार्धात उरकून टाकते. आणि त्या विभाजनात कोणाच्या वाट्याला किती जमीन आली, हे मालकाला दोन-तीन वर्षांनी, बहुधा मार्चअखेरीस, कळते.

येथे विचार लिनक्स या कार्यप्रणालीचा आहे. जिची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता व बदलता येते, अशी ही प्रणाली सी-डॅकच्या ‘बॉस’ या भारतीय अवतारात सरकारी कार्यालयांसाठी सिद्ध झाली आणि ‘उबुंटू’ या अवतारात ई-कोर्ट प्रकल्पाबरोबर न्यायालयांत पोचली. प्रोसेसर, स्मृती, कीबोर्ड आणि नेहमी रुसलेला प्रिंटर या सर्वांमध्ये समेट घडवून आणणारा तिचा जो गाभा, त्यास कर्नल म्हणतात. लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली फिनलंडमध्ये त्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्या ओळी सुमारे दहा हजार होत्या. आज त्या कोट्यवधी झाल्या असून, सुरक्षेतील भोके बुजवण्यासाठी या गाभ्याची नवी आवृत्ती दर काही आठवड्यांनी येत राहते.

हा गाभा जेथे ठेवला जातो ती जागा म्हणजे बूट विभाजन होय. संगणक सुरू होताना सर्वप्रथम जागी होणारी ग्रब नावाची छोटी आज्ञावली फारशी शिकलेली नसते. उरलेली डिस्क कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक लिपीत, असेल तर तिला ती सहजी वाचता येत नाही, म्हणून गाभ्यापुरती एक खोली बिनकुलपाची ठेवावी लागते. (ज्या जिल्ह्यात शनिशिंगणापूर आहे, तेथे या व्यवस्थेचे नवल वाटण्याचे कारण नाही.) जुन्या इन्स्टॉलरांनी ही खोली बांधताना हात इतका आखडता घेतला, की पाचशे जीबीच्या डिस्कवर तिला जेमतेम अडीचशे ते पाचशे एमबी मिळत.

या खोलीत डोकावल्यास प्रत्येक आवृत्तीच्या नावे चार फायली दिसतात. त्यांपैकी ‘व्हीएमलिनझ’ हा दाबून बसवलेला प्रत्यक्ष गाभा दहा-पंधरा एमबींचा असतो. ‘सिस्टीम मॅप’ ही त्याच्या अंतरंगाची सूची त्याहून लहान, तर ‘कॉन्फिग’ ही बांधणीच्या निवडींची यादी अगदीच किरकोळ असते. खरी जागा अडवते ती ‘इनिट-आरडी’, म्हणजे मुख्य डिस्क उघडेपर्यंत लागणाऱ्या उपकरण-चालकांची (ड्रायव्हरांची) शिदोरी. ही शिदोरी बांधणारी आज्ञावली इतकी सावध असते, की श्रीगोंद्याच्या एखाद्या कार्यालयातील संगणकाला आयुष्यात कधीही न जोडल्या जाणाऱ्या सर्व्हरी उपकरणांचे चालकही ती बरोबर घेते, ‘असू द्यावे, लागेल कधीतरी’ या आपल्याकडील सर्वमान्य न्यायाने. परिणामी एकेक शिदोरी पन्नास एमबींपासून शंभराच्याही पुढे जाते, आणि तीन-चार आवृत्त्या साठल्या की खोली तुडुंब भरते.

भरल्यानंतर जे घडते त्याचे स्वरूप शुद्ध कार्यालयीन आहे. अद्ययावतीकरण अर्ध्यावर थांबून जागा शिल्लक नसल्याचा संदेश येतो. वापरकर्ता जुनी आवृत्ती काढू पाहतो, तर व्यवस्थापक आज्ञावली कळवते की आधीचे काम अपूर्ण असल्याने ते प्रथम पूर्ण करावे. ते पूर्ण करावयास घ्यावे, तर त्यासाठी जागा हवी असते, आणि जागा हवी असेल तर जुनी आवृत्ती काढावी लागते. रेशनकार्डासाठी रहिवासी दाखला आणि रहिवासी दाखल्यासाठी रेशनकार्ड मागणाऱ्या खिडकीपुढे ज्याने एक दुपार काढली आहे, त्याला हे चक्र समजावून सांगावे लागत नाही. त्यातच लाईट गेली, तर अर्धवट लिहिलेली शिदोरी हीच सर्वांत नवी ठरते, आणि पुढच्या वेळी ग्रब निष्ठेने तीच उघडावयास जाते.

या रोगावरचा उपचार मात्र लिनक्सचा जन्म होण्यापूर्वीच नगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात सिद्ध झालेला होता, याकडे संगणकतज्ज्ञांचे लक्ष जावे तितके गेलेले नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीस अनिलकुमार लखिना हे येथे जिल्हाधिकारी असताना त्यांनी बैठकव्यवस्थेपासून दप्तरापर्यंत कार्यालयाची जी फेररचना केली, ती पुढे ‘लखिना पॅटर्न’ या नावाने राज्यभर ओळखली गेली. या पॅटर्नबरोबर ज्या सहा गठ्ठ्यांचे नाव घेतले जाते, त्यांचे तत्त्व असे की लिपिकाने टेबलावरील प्रत्येक कागदाची जात ठरवावी: निर्णयासाठी प्रलंबित, उत्तराच्या प्रतीक्षेत, नियतकालिक विवरणे, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाचे, आणि नष्ट करावयाचे. यांतील शेवटचा गठ्ठा ‘ड’ वर्गाचा, म्हणजे अल्पायुषी कागदांचा; तो बांधण्याची सोय सर्वत्र असते, सोडण्याचे धैर्य विरळा.

ही वर्गवारी बूट विभाजनास थक्क व्हावे इतकी चपखल बसते. ‘युनेम’ या आज्ञेला ‘आर’ हे अक्षर जोडून विचारले असता जी आवृत्ती आत्ता चालू असल्याचे कळते, ती पहिला गठ्ठा होय. तिला हात लावणे म्हणजे बसलेल्या साहेबांची खुर्ची काढणे. नवी बसवलेली, पण संगणक बंद करून सुरू न केल्यामुळे कामावर रुजू न झालेली आवृत्ती प्रतीक्षाधीन असते, आणि इन्व्हर्टरच्या कृपेने महिनोन्‌महिने बंद न होणाऱ्या यंत्रांत तिची प्रतीक्षा बदलीच्या आदेशाइतकी लांबते. नवी बिघडल्यास माघारी जाता यावे म्हणून आधीची एक आवृत्ती अभिलेख म्हणून जपावी. तिसऱ्या व चौथ्या गठ्ठ्यांना येथे ओढूनताणून बसवता येईल, पण त्यात अर्थ नाही. उरलेले सर्व ‘ड’ असून त्याला ‘ऑटोरिमूव्ह’ या आज्ञेने निरोप द्यावा. ही आज्ञा चालू आणि सर्वांत नव्या आवृत्तीला आपण होऊन अभय देते.

फाईल हातानेच पुसून टाकण्याचा मोह या प्रसंगी होतो. तसे केल्याने खोली मोकळी होते, परंतु व्यवस्थापक आज्ञावलीच्या आवक-जावक नोंदवहीत ती आवृत्ती हजरच राहते आणि पुढेही तिच्या नावे शिदोरी बांधली जात राहते. म्हणून वर सांगितलेल्या कोंडीतून सुटण्यासाठी, चालू नसलेल्या एखाद्या जुन्या आवृत्तीची शिदोरी तेवढी तात्पुरती दुसऱ्या विभाजनात हलवावी, अडलेले काम पुरे करून घ्यावे आणि मग ती आवृत्ती रीतसर नोंदीसह काढावी. याच्या जोडीला, शिदोरी बांधणाऱ्या आज्ञावलीतील चालकांची निवड ‘मोस्ट’वरून ‘डेप’वर आणल्यास शिदोरीत त्या यंत्रापुरतेच चालक भरले जातात आणि ती बरीच हलकी होते. मात्र तीच डिस्क उद्या दुसऱ्या यंत्रात बसवली, तर ती तेथे सुरू होईलच असे नाही, हा ‘लागेल कधीतरी’वाल्यांचा आक्षेप तंत्रदृष्ट्या बिनतोड आहे, हे मान्य करावे लागते.

अलीकडच्या इन्स्टॉलरांनी ही खोली एक-दोन जीबींची केली असून त्यामुळे प्रश्न सुटला, असे समजणारा वर्ग मोठा आहे. हाच वर्ग कार्यालयात गोदरेजचे नवे कपाट आले की जुन्यातले सर्व काही त्यात भरून, जुने कपाट व्हरांड्यात ठेवतो. ‘ऑटोरिमूव्ह’ पुसण्यापूर्वी एकदा अनुमती मागते, आणि नुसते एंटर दाबले तरी ती होकारच समजते. वापरकर्ता यादी वरपासून खालपर्यंत वाचतो, तीन वर्षांपूर्वीच्या आवृत्तीपाशी क्षणभर थांबतो, आणि मुद्दाम ‘एन’ हे अक्षर शोधून दाबतो.