ठासणीच्या बंदुकीची डागडुजी : एक जयपुरी चिकित्सा

जिच्या नळीत तोंडाकडून दारू आणि गोळी घालून ती गजाने ठासावी लागते, अशा ठासणीच्या बंदुकीची दुरुस्ती हे काम इतरत्र लोहारकामात मोडत असले, तरी जयपुरात ते निम्मे लोहारकाम आणि निम्मे विधिशास्त्र आहे. १९५९च्या शस्त्र अधिनियमाचे ४५वे कलम असे सांगते की, जे शस्त्र कालबाह्य घडणीचे, पुराणवस्तू म्हणून मोलाचे किंवा मोडकळीस आलेले आहे आणि दुरुस्ती करून वा न करता अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नाही, त्याला हा अधिनियम लागू नाही. पणजोबांच्या बंदुकीला परवाना लागतो की नाही, हे त्यामुळे ती आज उडते की नाही यावर ठरत नाही, तर ती कधी उडवता येईल काय, या तात्त्विक प्रश्नावर ठरते. इथेच अडचण सुरू होते, कारण जयपूरच्या कारागिराला कोणतीही वस्तू दाखवून ‘ही दुरुस्त होईल का?’ असे विचारले असता ‘हो जाएगा’ याखेरीज दुसरे उत्तर मिळाल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. बंदूक मोडीत निघाल्याची निर्वाणीची ग्वाही ज्याने द्यायची, तोच आशावादी निघाल्यावर कायद्याने काय करावे?

राजस्थानातील जुन्या घराण्यांत आढळणारा नमुना बहुधा तोडेदार बंदुकीचा, म्हणजे पेटत्या दोरीने बार काढणाऱ्या बंदुकीचा असतो. या दोरीला तोडा किंवा जामगी म्हणतात. चाप ओढला की तोडा धरणारा लोखंडी आकडा दस्त्याच्या खाचेतून पुढे झुकतो आणि नळीच्या बाजूस असलेल्या वाटीतील रंजकीला, म्हणजे पेट घेण्यासाठी ठेवलेल्या बारीक दारूला, तोडा टेकवतो. तिची ज्वाला ‘कान’ नावाच्या बारीक छिद्रातून आत शिरते आणि मुख्य बार उडतो. यंत्र इतके साधे आहे की त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही, आणि तरीही ते बिघडते. सोरा, कोळसा आणि गंधक यांच्या जळण्यातून उरणारे क्षार हवेतील ओल शोषून लोखंड खातात आणि तापलेला वायू कान झिजवून मोठा करतो. मग दारूचा बराचसा जोर गोळीला पुढे ढकलण्याऐवजी कानावाटे बाहेर पडतो आणि शिकारीपेक्षा शिकाऱ्याच्या शेजाऱ्याला अधिक जाणवतो. यावरचा जुना उपाय म्हणजे झिजलेले छिद्र रुंद करून त्यात नव्या धातूचा बुश बसवणे आणि त्याला पुन्हा बारीक कान पाडणे.

परंतु कानाकडे वळण्याआधी जाणकार माणूस एक काम न चुकता करतो. तो एक सरळ गज नळीत बुडापर्यंत सारतो, तोंडाशी त्यावर खूण करतो आणि तोच गज खूण तोंडाशी ठेवून नळीच्या बाहेरून धरून पाहतो. गजाचे टोक कानापर्यंत पोहोचले तर नळी रिकामी. चार बोटे अलीकडेच थांबले, तर आत कोणा पूर्वजाने भरलेला बार अजून बसलेला आहे, आणि कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनंतरही आपले कर्तव्य विसरत नाही. दिवाणखान्यात तीन पिढ्या पाहुण्यांच्या डोक्यावर टांगलेली बंदूक भरलेली होती, हे कळल्यावर घरातील वातावरणात जो फरक पडतो, त्याचा अभ्यास समाजशास्त्राने अद्याप हाती घेतलेला दिसत नाही.

सुट्या भागांचा प्रश्न याहून बिकट आहे, कारण मुळात ‘सुटा भाग’ ही कल्पनाच या बंदुकांना परकी आहे. प्रत्येक आकडा, खिळा आणि चाप त्या त्या बंदुकीपुरता कानशीने घासून बसवलेला असल्याने एकीचा तुकडा दुसरीला लागत नाही. नळी तर दस्त्याला स्क्रूंऐवजी पुष्कळदा तारेच्या किंवा चामड्याच्या बंधांनी बांधलेली असते, त्यामुळे ‘या मापाचा स्क्रू द्या’ म्हणून दुकानदाराला कोड्यात टाकण्याचे समाधानही मिळत नाही. स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण ठरवण्याची व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याची सूचनाच मुळी १८४१ची. त्याच्याही आधी युरोपीय धर्तीच्या चकमकीच्या बंदुका महादजी शिंद्यांच्या काळात आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली दहा रुपयांना एक या दराने तयार होत आणि महादजींचा युरोपीय सेनानी द बॉइन याच्या पलटणींना मिळत. या पलटणींनी १७९०मध्ये पाटणच्या लढाईत राजपुतांना नमवले. आज दहा रुपयांत तशा बंदुकीचा गंजलेला चाप सैल करण्यापुरते तेल मिळाले तरी नशीब समजावे.

डागडुजीची गरज अजिबात न पडण्याचा मार्ग जयपूरजवळच्या जयगडावर पाहायला मिळतो. सवाई जयसिंहांच्या काळात, १७२०मध्ये, म्हणजे जयपूर शहराच्या सात वर्षे आधी ओतलेली जयबाण तोफ चाचणीसाठी एकदाच उडवली गेली आणि लढाईत कधीच नाही. त्या एकाच गोळ्याने दूर चाकसूजवळ तळे पडले असे वाटाडे सांगतात, आणि पस्तीस किलोमीटरचा तो पल्ला ऐकून पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांना खोकला येतो. तोफ मात्र ठणठणीत आहे.

ज्यांना इतका संयम नाही, त्यांच्यासाठी व्यापाऱ्यांनी निराळी तोड काढली आहे. जुन्या घडणीच्या नव्या बंदुका भारतात बनतात आणि हौशी लोकांसाठी परदेशी जातात. त्यांपैकी अनेकांना नळी, दस्ता, चाप, चकमक असे सगळे असते, फक्त कान पाडलेला नसतो, आणि तेवढ्या एका छिद्राच्या अभावामुळे ती बंदूक नव्हे, शोभेची वस्तू ठरते. छिद्र पाडायचे की नाही, हे गिऱ्हाइकाने आपल्या देशाचा कायदा पाहून ठरवायचे. जयपुरात त्रिपोलिया बाजारात लोखंडी सामानाची दुकाने आहेत. तिथे ड्रिलचे पाते मागितले तर दुकानदार परवाना विचारत नाही, फक्त माप विचारतो.