फुकट आणि मोफत: बेंबळीच्या नवउद्योजकांसाठी मार्गदर्शिका

उद्योगास लागणारे भांडवल, जागा आणि वीजजोडणी या तिन्ही गोष्टी दुर्मीळ असल्या, तरी चौथी गोष्ट, म्हणजे सल्ला, धाराशिव तालुक्यातील बेंबळी येथे मुबलक असल्यामुळे, नवउद्योजकाची पहिली अडचण सल्ला मिळवण्याची नसून त्याचे वर्गीकरण करण्याची असते. शास्त्रशुद्ध विवेचनासाठी दोन संज्ञा वेगळ्या मानाव्या लागतात: जो न मागता मिळतो तो ‘फुकट’ सल्ला, आणि ज्यासाठी आधार कार्डाची झेरॉक्स द्यावी लागते तो ‘मोफत’ सल्ला.

फुकट सल्ल्याची केंद्रे म्हणजे पार, चहाची टपरी आणि केशकर्तनालय. मिरची कांडप, म्हणजे वाळलेल्या मिरचीचे तिखट करून देणारे विजेवरचे यंत्र, बसवण्याचा विचार एखाद्या महिलेने केवळ जावेजवळ बोलून दाखवला, तरी संध्याकाळपर्यंत पारावर त्याचा संपूर्ण अहवाल तयार होतो. सोयाबीनला भाव नसताना कांडपाला पैसे कोण देणार, ही त्यातील बाजारपेठेची पाहणी असते, आणि त्यापेक्षा हॉटेल टाकावे, ही अखेरची शिफारस उद्योग कोणताही असला तरी बदलत नाही. तथापि हा अहवाल टाकाऊ मानू नये, कारण अहवाल देणाऱ्यांपैकी कोणाकोणाच्या घरचे वर्षाचे तिखट बाहेरून कांडून येते, एवढे विचारून घेतले की ग्राहकांची पहिली यादी आपोआप हाती येते.

मोफत सल्ल्यासाठी मात्र एसटीने धाराशिव गाठावे लागते, आणि मार्च 2023 पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास असल्यामुळे या मोफतपणाला लागणारा खर्चही निम्माच येतो. तेथील जिल्हा उद्योग केंद्र, म्हणजे 1978 पासून देशभर उभारल्या गेलेल्या कार्यालयांपैकी एक, योजना समजावून सांगते. तर ‘आरसेटी’ ही बँकांनी चालवलेली ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, जिची मूळ कल्पना 1982 साली कर्नाटकातील उजिरे येथे साकारली, प्रशिक्षणाबरोबर राहणे आणि जेवणही विनाशुल्क देते, आणि नेमक्या याच कारणाने पारावर तिच्याविषयी संशय व्यक्त होतो. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या (2008) नियमांनुसार ग्रामीण भागातील महिलेस प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के अनुदान मिळते आणि स्वतःचा वाटा 5 टक्के घालावा लागतो. म्हणजे दोन लाखांच्या कांडपासाठी पदरचे दहा हजार पुरतात, आणि उरलेली रक्कम बँकेच्या कर्जातून उभी राहते. सत्तर हजारांचे अनुदान मात्र हाती पडत नाही, ते तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून पडून राहते आणि मग कर्जात वळते होते, हे कळल्यावर त्या पैशांचे बेत आधीच आखलेल्या नातेवाइकांना जो धक्का बसतो, त्यावर कोणत्याही योजनेत तरतूद नाही.

‘उद्यम’ नोंदणी, म्हणजे जुलै 2020 पासून लागू झालेली लघुउद्योगांची सरकारी नोंद, पूर्णपणे निःशुल्क आहे. तरीही तिच्यासाठी पैसे घेणारे सद्गृहस्थ आढळल्यास, ते फुकट आणि मोफत यांच्या पलीकडील तिसऱ्या वर्गात मोडतात, आणि त्यांच्याशी केवळ नमस्कारापुरता संबंध ठेवावा.

गंभीरपणे नोंदवण्याजोगी बाब अशी की या जिल्ह्यात सल्ल्याची एक जुनी, खरीखुरी परंपरा आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील महिला गटांबरोबर प्रेमा गोपालन यांची ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ ही संस्था काम करू लागली, आणि घरे बांधण्यापासून सुरू झालेले ते काम पुढे महिलांच्या व्यवसायांपर्यंत पोहोचले. ज्या बाईने स्वतः धंदा केला तिनेच दुसरीला वाट दाखवावी, ही त्यातील रीत पारावरच्या पद्धतीच्या नेमकी उलट आहे.

यंत्र बसल्यानंतर, अनुदान कर्जात वळते होण्यापूर्वी, उद्योग प्रत्यक्षात चालू आहे की नाही याची जागेवर तपासणी होते. त्या दिवशी फलक पुसून ठेवावा, वीजबिल हाताशी असावे, आणि तपासणीस आलेल्या व्यक्तीसाठी एक खुर्ची अधिक मांडावी, कारण हे यंत्र मुळात कोठे बसवायला हवे होते, हे त्यांना सांगण्यासाठी पारावरील मंडळी तेथे अगोदरच येऊन बसलेली असतात.