तृतीय सोपान (उत्तीर्ण)

लेखकमहाशयांच्या लग्नाच्या बायोडेटात, शिक्षणाच्या रकान्यात, पदवीच्या खाली आणखी एक ओळ होती : ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स, तृतीय सोपान (उत्तीर्ण)’. मुलीकडच्यांनी ती वाचून ‘मुलानं गाण्याच्याही परीक्षा दिलेल्या दिसतात’ असा अर्थ काढला. महाशयांनी खुलासा केला नाही. केला असता तर ‘मग पुढे काय झालं?’ हा प्रश्न आला असता, आणि पुढे काहीच झालं नव्हतं. पुढे राज्य पुरस्कार असतो, त्याच्यापुढे राष्ट्रपती पुरस्कार. ते दोन्ही इतरांना मिळाले.

ज्यांनी शाळेत स्कार्फ बांधला त्यांना ही चढण समजावून सांगायला नको, आणि ज्यांनी बांधला नाही त्यांना सांगून काही उपयोग नाही. प्रवेश, प्रथम, द्वितीय, तृतीय. मग राज्यपालांच्या सहीचं प्रमाणपत्र, मग राष्ट्रपतींच्या सहीचं. मुलगा जसजसा वर चढतो तसतसं त्याच्या शर्टावर कापड कमी आणि भरतकाम जास्त होत जातं. महाशय संघनायक होते, म्हणजे डाव्या खिशावर दोन उभ्या पट्ट्या होत्या. त्या पट्ट्या जगाला दिसाव्यात म्हणून मावशीच्या लग्नाला ते पूर्ण गणवेशात गेले, गळ्यात शिट्टीची दोरी अडकवून वरातीतली वाहतूक नियंत्रित केली आणि नवरदेवाच्या घोड्यालाही एकदा थांबवलं. त्या लग्नाच्या अल्बममध्ये मावशीपेक्षा त्यांचे फोटो जास्त आहेत, असं मावशी अजून म्हणते.

आता त्यांची भाची नववीत आहे, गाइड आहे आणि राज्य पुरस्काराच्या चाचणी शिबिराला निघाली आहे. भाची शांत आहे. मामांना झोप नाही.

तयारी म्हणून महाशयांनी मूळ पुरुषापासून सुरुवात केली. रॉबर्ट बेडन-पॉवेल या ब्रिटिश सेनाधिकाऱ्यानं १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी नावाच्या बेटावर वीसेक मुलं नेली. त्यांत बड्या शाळांतली होती आणि कामगारवस्तीतलीही. पुढच्या वर्षी ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ आलं आणि त्याबरोबर पायऱ्याही आल्या : नवखा, दुसरा वर्ग, पहिला वर्ग. दुसऱ्या वर्गाच्या कसोट्या वाचण्यासारख्या आहेत. फार तर दोन काड्यांत चूल पेटवायची. बारा मिनिटांत मैलभर अंतर कापायचं. पाव पौंड मांस आणि दोन बटाटे रानात शिजवायचे. आणि बचत बँकेत निदान सहा पेन्स हवेत. यातली मांसाची अट ऐकून महाशयांच्या आईनं ‘असल्या परीक्षेत नापास झालास तेच बरं’ असा निकाल दिला. रानातल्या स्वयंपाकाचं कौतुक मात्र आपल्याकडे कुणाला वाटू नये. पौषात ज्वारीच्या शेताच्या कडेला आगटी करून हुरडा भाजणारा शेतकरी ही परीक्षा वर्षानुवर्षं देतोच आहे, आणि खानदेशातल्या कुठल्याही आजीला वांगं विस्तवात टाकताना परीक्षक लागत नाही.

पहिल्या वर्गाला आणखी एक अट होती. स्वतः शिकवून तयार केलेला एक नवखा परीक्षकापुढे उभा करायचा. ही अट लक्षात ठेवावी, तिचं काम पुढे आहे.

पण आधी गाठी. गाठींचा विषय निघाला की महाशयांच्या घरातले लोक चहा ठेवायला उठतात. वाचकांनीही उठायला हरकत नाही.

पहिली रीफ नॉट. उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. दोन्ही वेळा उजवंच डाव्यावर घेतलं तर होते ती ग्रॅनी नॉट, जी ऐन वेळी सुटते किंवा अशी आवळते की सुरी आणावी लागते. महाराष्ट्रातल्या पायजम्यांची निम्मी दुःखं या एका वळणात आहेत. रीफ नॉट चपटी बसते, अंगाला खुपत नाही, सोडवायला सोपी, म्हणून बँडेज बांधायचं ते हिनंच. पण दोन दोर जोडून त्यावर भार टाकायचा असेल तर हिला हात लावू नये. क्लिफर्ड ॲशली या अमेरिकी चित्रकारानं १९४४ साली गाठींचा एक महाग्रंथ काढला, त्यात ३,८०० हून जास्त नोंदी आहेत. त्यात त्यानं बजावलं आहे की, दोर जोडायला वापरल्यामुळे या एका गाठीनं जेवढे बळी घेतले असतील तेवढे दुसऱ्या अर्धा डझन गाठींनी मिळूनही घेतले नसतील. जाड दोराला बारीक दोर जोडायचा तर शीट बेंड. खांबाला दोर आवळायचा तर क्लोव्ह हिच. आणि गाठींची महाराणी बोलाइन. हिचा फास सरकत नाही, त्यामुळे विहिरीत पडलेल्या माणसाच्या कमरेला टाकून त्याला वर ओढता येतं आणि वर आल्यावर तो जिवंतही असतो. ती शिकताना सशाची गोष्ट सांगतात : ससा बिळातून वर येतो, झाडाला वळसा घालतो, पुन्हा बिळात शिरतो. महाशय ती एका हातानं बांधतात. पाहुणे जेवून उठले की पंचा घेऊन बांधून दाखवतात. सोसायटीच्या गणपतीचा मांडव घालताना डेकोरेटरच्या पोराला त्यांनी क्लोव्ह हिचमधली त्रुटी दाखवली, तेव्हा तो बांबूवरूनच म्हणाला, “काका, जरा बाजूला व्हा, डोक्यावर पडेल काहीतरी.” शेवटची शीपशँक. दोर न कापता तो मधेच आखूड करायची ही गाठ. दोन्ही टोकं आधीच बांधलेली आहेत आणि दोर मात्र लांब पडतोय, असा प्रसंग आयुष्यात येईल याची महाशय शाळा सुटल्यापासून वाट पाहत आहेत.

ही विद्या त्यांना स्काउटमास्तरांनी दिली नाही. संघातल्या एका मुलानं दिली. त्याच्या घरी म्हशी होत्या. पहाटे अंधारात, दुसऱ्या टोकाला म्हैस हिसके देत असताना, तो खुंट्याला दावं बांधायचा, आणि मग शाळेत यायचा. मधल्या सुट्टीत त्यानं महाशयांचा हात धरून एकेक गाठ बसवून घेतली. चाचणीच्या दिवशी त्यानं दोर उचलला आणि परीक्षक पाहीपर्यंत गाठ बांधून झालीसुद्धा. परीक्षक म्हणाले, “असं नाही. हळू बांध. एकेक पायरी दाखव.” हळू तो कधी बांधतच नव्हता. बोटं अडली. पुन्हा केलं, पुन्हा अडली. मग तो ओशाळं हसला आणि दोर खाली ठेवला. त्याच्यामागे महाशयांचा नंबर होता. त्यांनी सावकाश, ससा-बीळ-झाड मनात म्हणत बांधली. “अगदी पुस्तकात आहे तशी,” परीक्षक म्हणाले. महाशयांना तृतीय सोपान मिळाला, तो द्वितीयवर राहिला आणि पुढच्या शिबिराला आलाच नाही. त्याच्या कार्डावर स्काउटमास्तरांनी काही लिहिलं का, हे महाशयांना ठाऊक नाही, कारण ते त्या दिवशी स्वतःचा बिल्ला शिवून घ्यायला शिंप्याकडे गेले होते. १९०८ च्या नियमानं पाहिलं, तर तयार केलेला नवखा परीक्षकापुढे उभा करण्याची अट त्या दिवशी त्या मुलानंच पुरी केली होती. तो नवखा म्हणजे महाशय.

कोण आत आणि कोण बाहेर, हे ठरवण्याची सवय या चळवळीला सुरुवातीपासून आहे. बेडन-पॉवेल १८७६ साली घोडदळातला तरुण अधिकारी म्हणून लखनौला आला आणि टेहळणीचं बरंचसं शिक्षण त्यानं या देशात घेतलं. पण १९०९ मध्ये बंगळूरला पहिलं स्काउट पथक निघालं ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना तिथे जागा नव्हती. मग ॲनी बेझंट यांनी मद्रासकडे वेगळी संघटना काढली, अलाहाबादेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची स्काउट संघटना उभी केली. ही सगळी पथकं एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स व्हायला ७ नोव्हेंबर १९५० उजाडला. मुलींची तऱ्हा आणखी गमतीची. १९०९ मध्येच लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काउट मुलांचा मेळावा होता, तिथे काही मुली कुणी न बोलावता स्वतःला ‘गर्ल स्काउट’ म्हणवत हजर झाल्या. त्यांना परत पाठवता येईना, म्हणून पुढच्या वर्षी गाइड्स सुरू झाल्या. पुण्यात आळंदी रस्त्यावर १९६६ पासून या गाइड्सचं ‘संगम’ हे जागतिक केंद्र आहे. न बोलावता आलेल्या पाहुण्यांनी घर बांधलं ते असं. भाचीला ही गोष्ट फार आवडली. महाशयांना कमी आवडली, कारण तिच्यात एकही बिल्ला नाही.

बिल्ल्यांची शिडी राष्ट्रपतींपाशी संपते, असा समज असेल तर तो सोडून द्यावा. पुढे मोठ्यांची शिडी आहे. स्काउटमास्तरांनाही बेसिक, ॲडव्हान्स, हिमालय वुड बॅज अशा पायऱ्या चढाव्या लागतात. वुड बॅजवाल्यांच्या गळ्यात चामड्याच्या दोरीत दोन लाकडी मणी असतात, त्यावरच्या प्रशिक्षकाच्या तीन, त्याहून वरच्याच्या चार. महाशयांच्या संघातली मुलं शिबिरात नवा माणूस आला की चेहऱ्याआधी मणी मोजत, आणि चार मणीवाला माणूस रांगेत उभं राहून आमटी घेताना दिसला की त्यांचा जगावरचा विश्वास थोडा हलत असे. त्याही वर गेलं की प्राणी लागतात. भारतात सर्वोच्च सन्मान सिल्व्हर एलिफंट, ब्रिटनमध्ये सिल्व्हर वुल्फ, अमेरिकेत सिल्व्हर बफेलो, जागतिक पातळीवर ब्राँझ वुल्फ. इतकी चढण चढून माणूस पुन्हा जंगलातच पोचतो, यावर महाशय बराच वेळ हसले. मग सिल्व्हर एलिफंट साधारण कितव्या वर्षी मिळतो, याची त्यांनी चौकशी केली.

आणि आता खरी तक्रार. भाचीची फाइल.

फाइल जाडजूड आहे. तिच्यात केलेल्या प्रत्येक गोष्टीचा फोटो आहे, फोटोवर तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश आहेत. झाड लावताना फोटो, त्याला पाणी घालताना फोटो, आजीबाईंना रस्ता ओलांडून देताना फोटो. तो फोटो नीट आला नाही म्हणून आजीबाईंना रस्ता पुन्हा ओलांडावा लागला. मुळात ‘रोज एक सत्कृत्य’ या नियमाची आठवण राहावी म्हणून जुन्या स्काउटला काम होईपर्यंत टायची गाठ बाहेर काढून ठेवायला सांगितलं होतं. काम झालं की गाठ आत, कुणाला काही सांगायचं नाही. आता काम झालं की अपलोड. ‘खरी कमाई’चं, म्हणजे काम करून चार पैसे मिळवण्याच्या उपक्रमाचंही तेच. ब्रिटनमध्ये १९४९ साली ‘बॉब-अ-जॉब’ आठवडा सुरू झाला, त्यात स्काउट दारोदार जाऊन एका शिलिंगाला काहीतरी काम करून देत. महाशयांनीही शेजाऱ्यांच्या सायकली पुसल्या होत्या आणि कार्डावर सह्या घेतल्या होत्या. भाचीच्या शाळेत खरी कमाई म्हणजे भेळेचा स्टॉल. भेळ आयांनी केली, बाबांनी आणून दिली, मुलींनी ती वाटली आणि पालकांनीच ती विकत घेऊन खाल्ली. ज्यांचे चुरमुरे त्यांच्याच पोटात, आणि फायदा फाइलमध्ये. यात मुलींचा काही दोष नाही. दहावीला वाढीव गुण मिळतात, रेल्वेच्या भरतीत स्काउट-गाइड कोटा आहे, अशी बक्षिसं लावल्यावर पुरावा मागणारा माणूस येणारच आणि त्याला हवा तसा पुरावा तयार करून देणारे आईबापही. चिडायचं तर कुणावर, हे महाशयांना नीट ठरवता येत नाही, म्हणून ते फाइलच्या प्लास्टिक कव्हरवर चिडतात. भाचीच्या मॅडमचं त्यांना मनापासून वाईट वाटतं. गणिताचे तास, जनगणना, निवडणुकीची कामं, आणि वर बावीस फायली. तरी त्या शनिवारी सगळ्या मुलींना टेकडीवर नेतात आणि फोन पिशवीत ठेवायला लावतात. तेवढ्या वेळेचा पुरावा फाइलमध्ये नाही.

शिबिराला निघण्याच्या आदल्या रात्री महाशयांनी भाचीला बोलाइन दाखवली. तिनं लक्षपूर्वक पाहिली.

“मामा, ससा कुठून आला?”

“बिळातून. अगं, आधी बीळ करायचं.”

“पण तुझं बीळ उलटं आहे. त्यामुळे शेपूट बाहेरच्या बाजूला येतं.” आणि तिनं दोर काढून घेऊन झपकन बांधली. महाशयांच्या तोंडून निघालं, “हळू.” मग ते गप्प बसले. “नको, तशीच बांध,” म्हणाले, “पुन्हा दाखव, तुझ्याच वेगानं.”

ती पास झाली. निकाल कळताच महाशयांनी राष्ट्रपती पुरस्काराचं वेळापत्रक मागवलं, आणि त्याच संध्याकाळी बंद गळ्याचा कोट शिवायला टाकला. राष्ट्रपती भवनात साधा शर्ट बरा दिसत नाही, असं त्यांचं मत पडलं. भाचीला हे कळलं तेव्हा ती हसून लोळली.

“मामा, राष्ट्रपतीचं मी अजून ठरवलं नाहीये. पुढच्या वर्षी दहावी आहे. आणि मॅडमनी सहावीच्या मुलींना माझ्याकडे दिलंय, त्यांना सगळ्या गाठी शिकवायच्यात.”

“अगं पण पुरस्कार?”

“मिळाला तर मला मिळेल ना. तू कोट का शिवतोयस?”

महाशयांनी शिंप्याला फोन केला. कापड कापून झालं होतं. मग त्यांनी एवढंच सांगितलं की डावा खिसा जरा खाली घ्या, वर थोडी जागा मोकळी असू दे.

“कशाला साहेब?” शिंप्यानं विचारलं.

“असू दे हो.”

“बिल्ला लावायचाय का? मग आतून कॅनव्हास घालतो, नाहीतर कापड ओढलं जाईल.”

कॅनव्हासचे वेगळे पैसे पडतात, हे त्यानं आधीच सांगितलं. महाशय म्हणाले, घाला.