असू दे, लागेल

कसाऱ्याहून इगतपुरीकडे वर चढणाऱ्या बहुतेक गाड्यांना मागून आणखी इंजिनं लावावी लागतात. थळ घाटाचा चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस मीटर पुढे सरकलं की गाडी एक मीटर वर जाते. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो. पण १८६५ साली रेल्वे हा घाट चढून इगतपुरीला पोहोचली, त्याला दीडशेहून अधिक वर्षं झाली, तरी तिथे एकट्या इंजिनाचा दम अजून पुरत नाही. मागून ढकलणाऱ्या या इंजिनांना रेल्वेवाले ‘बँकर’ म्हणतात.

इगतपुरीतले एक काकाही बँकर होते, पण दुसऱ्या जातीचे. चौतीस वर्षं त्यांनी खात्यांचे हिशेब पैशापर्यंत जुळवले, आणि निवृत्तीनंतर एकसष्टाव्या वर्षी जाहीर केलं की आपण पाच दिवसांची डोंगरयात्रा करणार. आधी कुलंग, मग कळसूबाई, रतनगड, कात्राबाईची खिंड आणि शेवटी हरिश्चंद्रगड. सगळं सामान स्वतःच्या पाठीवर. बेतात मुळात अलंग आणि मदनही होते, पण त्या दोन गडांना दोर लागतो आणि दोराला वजन असतं. काकांनी दोर वगळला. त्यासोबत दोन गड आपोआप वगळले गेले.

तरी उरलेलं थोडं नव्हतं. कळसूबाई १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. आणि या चढावर मागून ढकलायला कोणी नाही. बँकरलाच बँकर मिळेना, तेव्हा डबे कमी करणं आलं.

काकांनी सामान अडकवून तोलायचा डिजिटल काटा मागवला आणि एक्सेलची फाइल उघडली. लांब पल्ल्याच्या पायवाटा तुडवणाऱ्या परदेशी मंडळींचा हिशेब त्यांना लगेच पटला, कारण तो बँकेसारखाच निघाला. अन्न, पाणी आणि इंधन रोज घटत जातं, ते बाजूला ठेवायचं. उरतं ते मूळ वजन. काकांनी त्याला ‘मुद्दल’ असं नाव दिलं. मुद्दल नऊ किलोच्या आत असेल तर माणूस हलका गडी. साडेचार किलोच्या आत असेल तर अल्ट्रालाइट, म्हणजे त्या पंथातला पोहोचलेला साधू.

काकांचं मुद्दल भरलं अकरा किलो आठशे चाळीस ग्रॅम.

मग वसुली सुरू झाली. आजवरच्या ट्रेकमध्ये कुठली वस्तू किती वेळा बाहेर निघाली, याची उलाढाल तपासण्यात आली. बाहेर न निघालेल्या वस्तू एनपीए. दुर्बीण एनपीए. घडीचं स्टूल एनपीए. कंगवा तर गेली दहा वर्षं डोक्यावरच एनपीए होता. टूथब्रशचा दांडा करवतीने अर्धा कापून काकांनी सात ग्रॅम वाचवले आणि तो आकडा ठळक अक्षरांत नोंदवला.

खरं तर वजन दडलेलं असतं तीन मोठ्या खातेदारांकडे: सॅक, तंबू आणि स्लीपिंग बॅग. जुनी जाड कापडाची सॅक रिकामीच अडीच किलो भरली. ती बदलली की दोनशे टूथब्रश कापल्याचं पुण्य एका फटक्यात पदरात पडतं. पण मोठ्या खातेदाराला हात लावायला पैसे लागतात, ब्रशला फक्त करवत लागते. बँकेतही थोड्याफार फरकाने असंच चालायचं, असं काका खाजगीत म्हणतात.

शेवटी निवृत्तीच्या पैशांतून थोडी रक्कम मोडून हलकी सॅक आली, सव्वा किलोचा तंबू आला, आठशे ग्रॅमची पिसांची स्लीपिंग बॅग आली. मुद्दल सहा किलो नव्वद ग्रॅमवर उतरलं. काकांनी फाइल बंद केली, सॅक दिवाणखान्यात उभी केली आणि दुपारची झोप काढली.

तेवढ्यात घात झाला.

मराठी घरात एखादी वस्तू पिशवीत शिरायची तर तिला गरजेचा दाखला लागत नाही. ‘असू दे’ हे दोन शब्द पुरतात. काकूंनी मेथीच्या लाडवांचा स्टीलचा डबा ठेवला: असू दे. मेतकूट, लिंबाचं लोणचं, हळदीची पुडी: असू दे, लागेल. शेजारच्या वहिनींनी डोंगरात नेटवर्क नसतं म्हणून पत्त्यांचा कॅट दिला. पुण्याहून लेकीने पॉवर बँक धाडली. यांतली एकही वस्तू जड नव्हती आणि एकीलाही नाही म्हणता येत नव्हतं, कारण ‘असू दे’मध्ये आग्रहही नसतो आणि प्रश्नही नसतो. ते म्हणणारी व्यक्ती वाक्य पुरं होण्याआधी चेन लावून स्वयंपाकघरात गेलेली असते.

काकांनी पुराव्यानिशी लढायचं ठरवलं. चहाच्या वेळी त्यांनी एमा गेटवूड या अमेरिकन आजींची गोष्ट काढली. १९५५ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, आजींनी ॲपलाचियन ट्रेल ही तीन हजारांहून अधिक किलोमीटरची डोंगरवाट एकटीने पार केली. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही. पायात साधे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, तिच्यात एक घोंगडं आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. अकरा मुलांची आई, आणि १४६ दिवस चालत होती!

“अकरा मुलं वाढवल्यावर कुणीही पडदा उचलून निघून जाईल,” काकू म्हणाल्या आणि कपबशा घेऊन आत गेल्या.

काकांनी दुसरा साक्षीदार उभा केला. रे जार्डिन हा अंतराळ-विमानांच्या क्षेत्रातला इंजिनिअर. त्याने १९९२ साली अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर पुस्तक काढलं. चार हजारांहून अधिक किलोमीटरची ती वाट तो चालला होता, आणि पुढे त्याचं मुद्दल चार किलोच्या आसपास आलं. सॅक, पांघरूण, ताडपत्री, सगळं घरच्या मशीनवर शिवलेलं. आजच्या अल्ट्रालाइट पंथाचा तो आद्यपुरुष. काकूंनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्याची बायको?” बायको, जेनी, त्याच्याबरोबर चालत होती. “मग घरी ‘असू दे’ म्हणायला होतं कोण?” या प्रश्नावर त्या पुस्तकाकडेही उत्तर नसावं.

वास्तविक पुरावे शोधायला इतकं लांब जायची गरज नव्हती. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि या पावसात भातलावणी करणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या इरलं वापरलं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यात दाटून बसवलेली पानं, आणि हे सगळं पाठीवर उलट्या होडीसारखं. डोकं कोरडं, पाठ कोरडी, दोन्ही हात लावणीला मोकळे. महागड्या रेनजॅकेटची जगभर एकच रड असते, की पाऊस अडतो पण आतला घाम आतच राहतो. इरल्याला तो प्रश्न कधी पडलाच नाही, ते खालून मोकळंच. घोंगडीचं शास्त्रही तसंच. एकच वस्तू अंथरूण, पांघरूण, रेनकोट, आणि बाजाराच्या दिवशी गाठोडं. एका वस्तूकडून चार कामं घ्यावीत, हा अल्ट्रालाइटवाल्यांचा मोठा मंत्र धनगर न सांगता पाळत आले. काकांनी माळ्यावरची घोंगडी काढून तोलली. दोन किलो तीनशे, तीही कोरडी. भिजल्यावर काय होईल या विचाराने ती सन्मानाने परत माळ्यावर गेली.

वारकऱ्यांचा दाखलाही निघाला. जवळच्या त्र्यंबकेश्वराहून संत निवृत्तिनाथांची पालखी दरवर्षी पंढरपूरला निघते. माणसं तीन आठवड्यांहून अधिक काळ चालतात; हातात टाळ, खांद्याला पडशी, पावसात डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद. मात्र दिंडीचं उरलेलं सामान ट्रकमधून पुढे जातं, हे लक्षात येताच काकांनी हा दाखला तांत्रिक कारणावरून फेटाळला.

सर्वांत जालीम उपाय मात्र नर्मदा परिक्रमेत सापडला. परिक्रमेच्या जुन्या वर्णनांत शूलपाणीच्या झाडीचा टप्पा हमखास येतो. तिथे वाटेत ‘मामा’ भेटत आणि परिक्रमावासींकडचं सगळं, अगदी अंगावरच्या कपड्यांसकट, काढून घेत. लंगोटीवर उरलेला माणूस ‘मैयाची इच्छा’ म्हणून पुढे चालू लागे. मुद्दल शून्याच्या इतकं जवळ नेणारी पद्धत जगात दुसरीकडे नसावी. “ते मामा आता भेटत नाहीत,” काका हळहळले. “नाहीतर डबा त्यांनाच दिला असता.”

इगतपुरी हे तसं ओझं उतरवण्याचंच गाव. धम्मगिरीचं विपश्यना केंद्र इथे १९७६ पासून आहे. दहा दिवसांच्या शिबिराला आलेली माणसं मोबाइल, पुस्तकं, वह्या आणि बोलणंही दारातच जमा करून आत जातात. पण स्टेशनवर रिक्षात चढताना त्यांच्यासोबत चाकांची एवढी मोठी बॅग असते. ती भरताना घरून कोण काय म्हणालं असेल, हे काकांना आता ऐकू येतं.

डिसेंबरातल्या एका पहाटे काका कुलंगच्या पायथ्याशी, आंबेवाडीत पोहोचले. वाट दाखवायला गावातले एक दादा आले. पायात प्लॅस्टिकचे बूट, कमरेला कोयता, हातातल्या कॅरीबॅगेत भाकऱ्या, एक चादर आणि अर्ध्या लिटरची बाटली. दादांनी सॅक उचलून पाहिली आणि सावकाश खाली ठेवली.

“काका, यात हाय तरी काय?”

“पाणीच पाच लिटर आहे.”

“वर टाकी हायेत की. बारा महिने पाणी.”

“असू दे,” काका म्हणाले.

शब्द तोंडातून गेला आणि काका स्वतःच दचकले. लिटरला किलो, पाच लिटरला पाच किलो. सात ग्रॅमच्या दांड्यासाठी करवत चालवणाऱ्या माणसाने पाच किलो पाणी पाण्याकडे वाहून नेलं. गड बांधणाऱ्यांनी कातळ खोदून टाकी केली ती याच्याचसाठी, की वर राहणाऱ्यांना पाण्यासाठी खाली उतरायला लागू नये. दादांना टाक्यांचा पत्ता ठाऊक होता, म्हणून अर्ध्या लिटरात त्यांचं भागलं.

कुलंगची चढण सह्याद्रीतल्या लांबलचक चढणींपैकी एक. पहिल्या तासात काकांना बुटांची चूक कळली. सैनिकांवर झालेल्या अभ्यासांत दिसलं आहे की पायातलं वजन पाठीवरच्या वजनाच्या चार ते सहा पट दमवतं. काकांनी पाठीवरून किलोकिलो उतरवून घोट्यापर्यंतचे दीड किलोचे चामडी बूट पायांत चढवले होते; म्हणजे पाठीवर सहा ते नऊ किलोची भर. मराठी ट्रेकर वर्षानुवर्षं ॲक्शनचे स्वस्त ट्रेकिंग शूज घालून हे कातळ चढत आले. काकांकडेही एक जोड होता. तो घरी एनपीएत पडला होता.

दुसऱ्या तासात काका सावलीत बसले आणि त्यांनी लाडवांचा डबा उघडला. वजन कमी करण्याचा हा मार्ग त्यांना एकदम सुचला. चार लाडू झाल्यावर त्यांच्यातला बँकर जागा झाला: हे तर नुसतं हस्तांतर, एका खात्यातून दुसऱ्यात, एकूण शिल्लक तेवढीच. मग त्यांनी दादांना सहा लाडू दिले. हे मात्र खरं निर्लेखन होतं.

रात्री गुहेत गारठा वाढला. स्लीपिंग बॅगेत काकांचं अंग ऊब धरून होतं, पण टाळूला बर्फ लावल्यासारखं झालं. सॅकच्या तळाशी चाचपडताना हाताला काहीतरी लोकरी लागलं. काकूंनी वर्तमानपत्रात गुंडाळून लपवलेली माकडटोपी, खरं तर दोन माकडटोप्या. दुसरी दादांनी घातली. गुहेत दोन माकडटोप्या बराच वेळ भात, पाऊस आणि बिबट्या यांवर बोलत राहिल्या. सकाळी काकांनी टोपी काट्याला अडकवली: ९२ ग्रॅम. शेऱ्यात लिहिलं: परतावा उत्तम.

गड उतरून आल्यावर दादांच्या घरी चहा झाला. तिथल्या आजींचं लक्ष काट्यावर होतं. हे कशाला, म्हणून त्यांनी विचारलं आणि उत्तर ऐकून त्या गप्पच झाल्या. ब्रश तोलणारा माणूस त्यांनी पहिल्यांदा पाहिला असावा. मग त्यांनी अंगणातला कोंबडा पकडून आणला आणि पाय बांधून काट्याला लटकवला. दोन किलो एकशे चाळीस. गिऱ्हाईक त्याला पावणेदोन किलोचा म्हणत होता. आजींनी काटा उलटसुलट करून पाहिला, पुन्हा कोंबडा लावला, पुन्हा तोच आकडा आला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ऑडिटरचं समाधान पसरलं. काकांनी काटा तिथेच ठेवला. सामानात तेवढेच पंच्याऐंशी ग्रॅम कमी.

निघताना आजींनी सॅकची चेन उघडून त्यात नव्या तांदळाची पिशवी कोंबली. “असू दे, घरी न्या.”

तो तांदूळ कळसूबाई चढला. रतनगडाच्या नेढ्यात बसला, कात्राबाईच्या खिंडीतून गेला, हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याचं वारं प्याला. काकांनी त्यातला एक दाणाही शिजवला नाही. शिजवायला लागणारं पातेलं वसुलीच्या पहिल्याच आठवड्यात वगळलं होतं.

सहाव्या दिवशी पायथ्याच्या पाचनईत उतरून काकांनी राजूर गाठलं आणि घोटीकडची एसटी पकडली. गाडीला गर्दी होती. सॅक दोन सीटांच्या मधल्या वाटेत आडवी पडली. तिकीट फाडता फाडता कंडक्टर थांबले.

“काका, लगेज मोठं दिसतंय. किती किलो?”

महिनाभर एकेका ग्रॅमचा हिशेब ठेवलेल्या माणसाला सांगता येईना. काटा आंबेवाडीत कोंबड्याजवळ होता. पाण्याच्या बाटल्या रिकाम्या, लाडू संपलेले, तांदूळ भरलेला, बुटांत निम्मा डोंगर. काका मनातल्या मनात बेरीज करू लागले. खिडकीतून बारी गाव गेलं, मागून कळसूबाई सरकू लागली, तरी बेरीज लागेना. कंडक्टरांनी एका हाताने सॅक जराशी उचलली, काकांच्या डोक्यावरच्या माकडटोपीकडे पाहिलं, आणि सॅक पायाने सीटखाली सारली.

“असू दे,” ते म्हणाले आणि पुढच्या तिकिटाकडे वळले.