आधी फोन, मग पाना

प्रत्येक सोसायटीत एक आप्पा असतात. आमचे कोथरूडचे. पिंपरीच्या कारखान्यात, टूलरूममध्ये नोकरी झाली. त्यामुळे माणसाच्या शब्दापेक्षा मिलिमीटरवर विश्वास जास्त. गाडी जुनी ऑल्टो, 796 सीसीची. तिच्या सर्व्हिसिंगच्या दिवशी आप्पा इस्त्रीचा शर्ट घालतात, खिशाला व्हर्नियर कॅलिपर अडकवतात आणि कोर्टात तारीख असल्यासारखे घराबाहेर पडतात.

तयारी आदल्या रात्रीची. किलोमीटर किती, पेट्रोलचा काटा कुठे, बॅटरीचा नंबर काय, सगळं वहीत. मग काकूंची नेलपॉलिश. एअर फिल्टर, प्लग, स्टेपनी. जे जे ‘बदललं’ म्हणून सांगता येईल, त्या प्रत्येकावर लाल ठिपका. एकदा बिलात नवा एअर फिल्टर लागला होता. आप्पांनी काही न बोलता बॉनेट उघडायला लावलं. ठिपका जागच्या जागी! मॅनेजर धावत आला, चहा आला, बिल दुरुस्त झालं. आप्पा विजयी मुद्रेने घरी आले, तर काकूंचा एकच सवाल: “माझी बाटली निम्मी कशी झाली?”

सर्व्हिस सेंटरमधला संवाद साधारण असा.

“सर, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग रेकमेंडेड आहे.”

“कोणाकडून?”

“कंपनीकडून, सर.”

कंपनीचं पुस्तक आप्पांच्या पिशवीतच असतं, ब्राउन पेपरचं कव्हर घातलेलं. “10,000 किलोमीटरचा तक्ता काढ. दाखव कुठे लिहिलंय.” पोरगा पानं उलटत बसतो, बिचाऱ्याने ते पुस्तक पहिल्यांदाच हातात घेतलेलं असतं. मग इंजिन फ्लशिंग जातं, एसीचा सुगंधी फवारा जातो, अंडरबॉडी कोटिंग जातं. ब्रेक पॅड संपलेत म्हणावं, तर व्हर्नियर बाहेर येतो. “सहा मिलिमीटर आहे. तीनवर आला की बोलू.” आणि तेल? “साडेतीन लिटर? या इंजिनात तीन लिटरही मावत नाही. वरचं कोणी प्यायलं?”

जॉब कार्डावर सही करण्याआधी आप्पा खाली स्वच्छ अक्षरात लिहितात: ‘एस्टिमेटबाहेरचे काम विचारल्याशिवाय करू नये. जुने पार्ट परत द्यावेत.’ तोंडी आवृत्ती छोटी आहे: “आधी फोन, मग पाना.” जुने पार्ट ते खरंच घरी आणतात. गॅलरीत तुळशीशेजारी क्लच प्लेटी, झिजलेले पॅड, लोणच्याच्या बरणीत प्लग. पाहुणा सापडला की बरणी उघडते आणि पोह्यांबरोबर त्याला काजळी वाचायला शिकवलं जातं.

“पैशाचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे,” हे वाक्य दिवसातून किमान एकदा. पण तत्त्वालाही पेट्रोल लागतं. एका केबिन फिल्टरसाठी ते मला घेऊन नाना पेठेत गेले होते. चार दुकानांत भाव काढला, पाचव्यात एमआरपीवर घासाघीस केली, दीडशे रुपये वाचवले आणि त्या आनंदात दोघांच्या मिसळीला त्याहून जास्त घालवले. मी हिशेब दाखवला. “मिसळीत कोणी फसवलं का?” ते म्हणाले. विषय संपला.

चिडचिड होते, पण कुणाचीही गाडी अडली की लोक त्यांनाच हाक मारतात. दुसऱ्या मजल्यावरच्या सुनेने गाडी घेतली, तेव्हा आप्पा गॅरेजमध्ये तिच्याबरोबर गेले, पण तोंड उघडलं नाही. बाई एकटी आली की मेकॅनिकला एकदम चार बिघाड दिसतात, म्हणून तिला वाटेतच तीन प्रश्न पाठ करायला लावले होते: हे आज नाही बदललं तर काय होईल? अजून किती चालेल? जुना कुठाय? पुढच्या वेळी ती एकटीच गेली. पिशवीत जुने पॅड घेऊन आली, तेव्हा आप्पांनी ते सूनमुख बघावं तसे निरखले.

वॉरंटी संपल्यापासून बरीचशी कामं कोपऱ्यावरच्या उस्तादकडे होतात. परवा मीही तिथेच होतो. उस्तादने बिलाचा कागद पुढे केला. आप्पांनी चष्मा चढवला, बेरीज दोनदा केली, लेबर तपासलं आणि कपाळाला आठी घातली.

“चुकलंय.”

“काय जास्त लावलं, आप्पा?”

“जास्त नाही, कमी. कूलंट टाकलंस ना? ते कुठाय?”

“राहू द्या हो. तुमच्याकडून काय घ्यायचं!”

“राहू द्या काय? आज तू सोडलंस, तर उद्या मी कुठल्या तोंडाने विचारू? लिही.”

उस्तादने मुकाट्याने लिहिलं: कूलंट, 250.

आप्पांनी पेन काढून घेतलं. “अडीचशे? नाना पेठेत दोनशे वीसला मिळतं.”