कोणाचा रे तू?

नायगावातलं पोरगं परदेशी शिकायला निघालं की घरात सगळ्यात आधी येतो तो वजनकाटा. 23 किलोच्या दोन बॅगा, आणि त्यात बसवायचं असतं अख्खं माहेर. येसर आधी पिशवीत जातो, पिशवी डब्यात, डब्याच्या झाकणावर टेप, आणि टेपवर भरवसा नसल्यामुळे वरून आजीच्या जुन्या लुगड्याचं फडकं. मग कारळाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, आणि 'वाटेत लागतील' म्हणून धपाटे. काटा 25 दाखवतो तेव्हा बाहेर काय निघतं? पुस्तकं. मिक्सर मात्र राहतो. (आपला 230 व्होल्टचा मिक्सर अमेरिकेतल्या 120 व्होल्टवर चटणी वाटत नाही, नुसता कण्हतो. पण हे सांगायचं कोणी, आणि ऐकायचं कोणी?)

माझं म्हणणं असं, की ही सगळी तयारी भुकेची आहे, आणि भूक काय, थंडी काय, दोन्हींचं पोरगं तिकडे महिनाभरात बघून घेतं. मे महिन्यात टँकरची वाट बघत मोठं झालेलं शरीर बर्फालाही सरावतं. बॅगेत मावत नाही ती ओळख, आणि नायगावचा संसार चालतो तोच मुळी ओळखीवर. इथे कुठल्याही काउंटरवर गेलं तरी 'काय काम आहे?' हा दुसरा प्रश्न असतो. पहिला प्रश्न, 'कोणाचा रे तू?' त्याचं उत्तर दिलं की बापाचं नाव निघतं, मग मामाचं गाव, मग त्या गावातली कुणाची तरी सोयरीक, आणि तोवर काम निम्मं झालेलं असतं. उरलेलं निम्मं सेतू केंद्रातला पोऱ्या करतो, कारण तो चुलत्याच्या मेहुण्याचा. बावीस वर्षांच्या मुलाने आयुष्यात शेकडो फॉर्मवर सही केलेली असते, पण वाचलेला एकही नसतो. व्हिसा अधिकारी हा त्याला भेटणारा पहिला माणूस, ज्याला तो कोणाचा हे कळून काडीचा उपयोग नाही. म्हणून तर व्हिसासाठी नरसी-देगलूरमार्गे हैदराबादला गेलेली मंडळी आधी चिलकूरच्या बालाजीला गाठतात. अकरा प्रदक्षिणा घालून मागायचं, काम झालं की 108 घालून फेडायचं. माणसात वशिला लागत नाही म्हटल्यावर वर बघायचं, हे आपल्या रीतीला धरूनच आहे.

तिकडे गेल्यावर मात्र वरच्याचाही उपयोग होत नाही. इंग्लंडात खोली भाड्याने घ्यायची तर घरमालक बहुधा जामीनदार मागतो, आणि तो ब्रिटनमध्येच राहणारा हवा. नायगावचा नगराध्यक्ष चालत नाही. अमेरिकेत कर्ज काढून वेळेवर फेडल्याची नोंद मागतात. ज्याने जन्मात कर्ज काढलं नाही तो इथे अब्रूदार, तिथे संशयित. जर्मनीची तर तऱ्हाच न्यारी. सप्टेंबर 2024 पासून तिथे वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो आधी बँकेत अडकवून ठेवावे लागतात आणि दरमहा 992 हातावर मिळतात. पैसे आपले, पण मिळायचे असे जणू मोठ्या भावापुढे हात पसरलाय. शिवाय घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी आधी वेळ घ्यायची, आणि ती वेळ घ्यायला नगरपालिकेत 'आपला माणूस' कुणीच नसतो.

यावर कुणी म्हणेल, ओळख तिकडेही लागतेच. नाहीतर प्रवेशासाठी तीन-तीन शिफारसपत्रं कशाला मागतात? मागतात खरी. पण आपल्याकडे ते पत्र बऱ्याचदा विद्यार्थीच लिहितो आणि सर सही करतात, तेव्हा ती ओळख सरांची नसून त्यांच्या पेनाची. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आनंदीबाई जोशी 1883 साली अमेरिकेला गेल्या त्या ओळखीवरच ना? गेल्या, पण ती ओळख कशी झाली ते पाहा. त्यांचे पती गोपाळराव यांचं पत्र एका मिशनरी मासिकात छापून आलं, न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी ते दाताच्या डॉक्टरकडे थांबल्या असताना वाचलं आणि कोण कुठल्या त्या मुलीला पत्र धाडलं. पुढे तीन वर्षं नुसती पत्रं. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मागितला तोही आनंदीबाईंनी स्वतः पत्र लिहून. कार्पेंटरबाईंनी 'कोणाची गं तू?' विचारलं असतं तर उत्तर कल्याणच्या वाड्यात संपलं असतं. बाईंनी पाहिलं ते एवढंच, की तिला काय शिकायचंय. तिसरे म्हणतात, तिकडे आपली पोरं असतात, हैदराबादची असतात, ती सांभाळून घेतात. घेतात. पण त्यांच्या खोलीत पहिल्या दिवशी लसणाची फोडणी दिली आणि धुराचा भोंगा वाजून आख्खी इमारत चपला न घालता रस्त्यावर आली, की ओळख नव्याने करावी लागते.

तेव्हा बॅग आईने भरावी, त्यात कुणी पडू नये. पोराने मात्र विमानाआधीचा महिना नायगावातच परक्यासारखा काढावा. बापाचं नाव सांगायचं नाही, फोन लावून द्यायचा नाही, रांगेत उभं राहायचं, फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटच्या बारीक अक्षरापर्यंत वाचायचा, कळलं नाही तर विचारायचं. अवघड आहे, कबूल. पोरगं बँकेच्या रांगेत तासभर उभं राहतं, फॉर्म स्वतः भरतं, नंबर येतो, खिडकीतून कागद आत सरकवतं. आतला माणूस कागदाकडे न बघता चष्मा वर करतो आणि म्हणतो, "अरे, तू मास्तरांचा ना? मग रांगेत कशाला उभा राहिलास येड्यासारखा? ये, आत ये."