बूस्टअण्णा

नवी गाडी घेतली की ती निदान आठवडाभर बूस्टअण्णांच्या नजरेस पडू देऊ नये, हे त्यांच्या ओळखीतल्या कुणालाही सांगावं लागत नाही. तरी एखादा चुकतो. सोलापूरच्या आसरा चौकात त्यांना गाठून पेढ्यांचा बॉक्स पुढे करतो. अण्णा पेढा घेतात, बोनेटवर हात ठेवतात आणि विचारतात, "डेक उघडा का बंद?"

तो बिचारा उत्साहाने सनरूफ उघडून दाखवतो.

इथून पुढचा अर्धा तास त्याचा नसतो. ब्लॉकमध्ये सिलिंडरभोवती पाणी फिरायची जागा वरून मोकळी ठेवली की तो उघडा डेक. ओतायला सोपा, थंड राहायला बरा. पण सिलिंडरची वरची कड कुणाच्या आधाराविना उभी राहते. "गड्ड्याच्या जत्रेतला पाळणा वरून बांधलेला नसला, तर बसशील का बे?" मग बोटांवर हिशेब. पिस्टन 80 मिलिमीटरचा, आतला दाब 100 बारवर गेला, म्हणजे पिस्टनच्या माथ्यावर पाच टन. टर्बोचा बूस्ट वाढवला की आकडा आणखी चढतो, सिलिंडर हलतो, हेड गॅस्केट उडतं. उपायही तेच सांगतात. मोकळ्या जागेत आधाराची पट्टी ठोकायची, अ‍ॅल्युमिनियम कोरून जाड लायनर बसवायचे, बोल्टऐवजी स्टड घालायचे. होनिंग करताना हेडच्या जागी जाड पोलादी प्लेट आवळायची, कारण हेड आवळलं की सिलिंडर पहिल्यासारखा गोल राहत नाही. हे सगळं खरं आहे. अण्णांचा त्रास तोच आहे, ते खोटं बोलत नाहीत.

त्यांची स्वतःची गाडी बिनटर्बोची आहे.

सुप्रा म्हटलं की पोरांच्या तोंडाला पाणी सुटतं. तिच्या टूजेझेड इंजिनाचा बिडाचा, बंद डेकचा ब्लॉक अण्णांना मान्य आहे. दैवत मात्र दुसरं. 1983 साली नेल्सन पिके ब्राभॅमच्या गाडीतून फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. टर्बो इंजिनावरचं ड्रायव्हरचं ते पहिलं विजेतेपद. इंजिन बीएमडब्ल्यूचं, जेमतेम दीड लिटरचं, चार सिलिंडरचं, आणि ब्लॉक रस्त्यावरच्या साध्या मोटारींच्या घराण्यातला, बिडाचा. त्यासाठी लाखभर किलोमीटर पळालेले जुने ब्लॉक शोधून आणत, कारण ओतीव थंड होताना आत अडकलेला ताण तोवर निघून गेलेला असतो, असं सांगतात. ते ब्लॉक उघड्यावर ठेवून कामगार त्यांच्यावर लघवी करत, ही पुढची दंतकथा. बायकामाणसांत अण्णा तिला "नैसर्गिक प्रक्रिया" म्हणतात. तात्पर्य एकच, ब्लॉक मुरला पाहिजे.

हल्ली हा ताण भट्टीत 550 अंशांच्या आसपास काही तास ठेवून काढतात, ओतीव ऊनपावसात टाकून वाट बघावी लागत नाही. हे अण्णांना सांगून पाहावं. "भट्टीत शिजतं. मुरत नाही."

तर होटगी रस्त्यावरच्या त्यांच्या घरामागे, कडुनिंबाखाली, 11 ब्लॉक मुरत आहेत. बहुतेक ट्रॅक्टरचे, काही जुन्या जीपचे, एक-दोन भंगारात गेलेल्या मोटारींचे. उन्हाळ्यात काकू त्यांच्यावर जुनी साडी अंथरून कुरडया वाळवतात. उघड्या डेकचा एक तोटा मात्र अण्णांनी कधी कुणाला सांगितला नव्हता, की पावसाळ्यात त्यात पाणी साचतं. डेंग्यूच्या पाहणीला आलेल्या ताईने फ्रिजमागचा ट्रे बघितला, कुंड्या बघितल्या आणि मागच्या दारी येऊन बॅटरी मारली. "हे मुरायला ठेवलेत," अण्णा म्हणाले. ताई औषध टाकत म्हणाली, "अळ्या बी मुरालेत की ओ काका."

एकदा हा शब्द सापडला म्हटल्यावर त्याला कामाला जुंपायला अण्णांनी कसूर केली नाही. नव्या पुलावरून ते पहिलं वर्षभर जात नाहीत. शेजारच्याचा पोरगा इंजिनिअर झाला, तर त्याचे पेढे ते पुढच्या वर्षी मागतात. पुतण्याचं लग्न जमलं तेव्हा त्यांनी "दोन पावसाळे जाऊ दे" असा सल्ला दिला. पुतण्याने ऐकला. मुलगी थांबली नाही.

वास्तविक ब्लॉकसाठी बीएमडब्ल्यूच्या म्युनिकपर्यंत जायचं कारण नव्हतं. सोलापुरातच किर्लोस्कर फेरसच्या फौंड्रीत सिलिंडर ब्लॉक ओतले जातात. 1992 मध्ये सुरू झालेल्या इथल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा माल देशोदेशीच्या मोटारींत फिरतो. बाहेरच्यांना चादर आणि शेंगाचटणीपलीकडचं हे सोलापूर माहीत नसतं. अण्णांना पुरतं माहीत आहे. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी एका लहानशा फौंड्रीत साचे भरण्यात घालवली, ती बंद पडली तेव्हा निघताना उचलून आणलेला ब्लॉक त्या ओळीत पहिला आहे. गावातल्या मोठ्या कारखान्यांवर त्यांचा आक्षेप इतकाच की माल ताजा असतो.

मे महिन्यात एक पोरगा आला. त्याला ब्लॉकमधली पाण्याची निम्मी जागा सिमेंटसारख्या भरावाने बुजवून हवी होती. ड्रॅग रेसवाले असं करतात, ब्लॉक घट्ट होतो. पण त्यांना पाव मैल पळायचं असतं, याला पुण्याला जायचं होतं, आणि पारा 43 वर होता. अण्णांनी आधी त्याला ताक पाजलं, मग हाकललं.

इतकं असून लोक या माणसाला का सोसतात, ते गाळप हंगामात कळतं. रात्री साडेदहाला उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर टोचन करून दारात आणला गेला. मालकाने डिझेलचा पंप वाढवलेला, इंजिन तापून ब्लॉकला तडा. बिडाला साधं वेल्डिंग धरत नाही, नवा ब्लॉक यायला वेळ, आणि तोडलेल्या उसाचं वजन तासातासाला घटतं. अण्णा बॅटरी घेऊन निंबाखाली गेले. सातव्या ब्लॉकवर हातोडी वाजवली, कान लावला, पुन्हा वाजवली. त्याच मेकचा निघाला. सकाळी बोअरिंगचं दुकान उघडायच्या आधी ते त्याच्या पायरीवर बसलेले होते. लायनर, बेअरिंग, गॅस्केट, सगळं स्वतःच्या देखरेखीखाली बसवून घेतलं. मालाचे आणि मजुरीचे पैसे घेतले, ब्लॉकचे घेतले नाहीत. "लय वर्षं मुरलाय, वाढवून लावू नका," एवढंच म्हणाले.

ट्रॅक्टर पहिल्या सेल्फला उठला. मालक खूश होऊन म्हणाला, "अण्णा, ब्लॉक एवढा तगडा हाय म्हणताय, तर टर्बो बसवू का?"

अण्णांनी त्याच्या सात पिढ्या काढल्या. ब्लॉक वाचला तर हेड जाईल, हेड वाचलं तर क्रँक, क्रँक वाचला तर गिअरबॉक्स, आणि आरटीओने धरलं तर ट्रॅक्टरच जाईल, असं सगळं ऐकवलं. शेजारीपाजारी कंपाउंडपाशी जमले. मालक मुकाट्याने चावी उचलून निघाला.

"थांब बे," अण्णा म्हणाले, "किती बूस्ट म्हणालास?"